मशीन आणि धाकट्याने बोलायचे एक वाक्य

मी, खाली सही करणारा, वय शहात्तर, शिक्षण सहावी पास, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. टाचणी निघत नाही ना, हे दोनदा पाहिले. लिहा म्हणून कोणी धमकावले नाही. लिहू नका असे मात्र पत्नीने चार वेळा सांगितले.

कलम पहिले. राहते घर, दुकानाचा गाळा व बँकेतली शिल्लक पत्नीस. गॅसचे बटण बंद आहे का, हे तिने रोज पाहावे. आजवर मी पाहत होतो, तिला माहीत नाही.

कलम दुसरे. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, भिंग व स्क्रूंच्या बरण्या मुलीस. तिला हे काम येते. लोकरी स्वेटर घालून मशीनमध्ये हात घालू नये, लोकरीच्या स्थिर विजेने चिप जळते. हे तिला ठाऊक आहे, तरी लिहितो.

कलम तिसरे. मशीन. हा कॉम्प्युटर मी सुट्या भागांतून जोडला. आत मॅकचे काही नाही, चालतो मात्र मॅकसारखा. याला हॅकिंटॉश म्हणतात. यात एकेक भाग पटवून घ्यावा लागतो. वायफायचे कार्ड तीनदा बदलले. मशीन झोपवले की उठत नसे. त्या काळजीने मी महिनाभर धड जेवलो नाही. ते धाकट्या भावाच्या व्हिडिओ स्टुडिओला दिले. दिले म्हणजे वापरायला. मालकी माझी.

पाच वर्षे चालले. मग नवे फर्मवेअर आल्याचे धाकट्याने कुठेतरी वाचले. फर्मवेअर म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी जे वाचते ते. मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या चिपमध्ये असते. त्याने मला न विचारता ते चढवले आणि ते दुसऱ्याच बोर्डाचे निघाले. अशा वेळी पडद्यावर प्रश्न येतो: जुळत नाही, तरी चढवू का? त्याने 'होय' दाबले. मशीन मेले.

ते आणून त्याने माझ्या टेबलावर आदळले. शिंपीणबाई मिक्सर घेऊन समोरच बसल्या होत्या.

"दादा, तुझा खोटा मॅक शेवटी खोटाच निघाला."

"काही चढवलंस का त्याच्यावर?"

"मी? हातसुद्धा लावला नाही. तुझेच हात थरथरतात आता, कबूल कर की! रेडिओ खोलत बस, बाबा."

शिंपीणबाई हसल्या नाहीत. पण मिक्सर तसाच उचलून घेऊन गेल्या. त्यानंतर बरीच गिऱ्हाइके गेली.

कलम चौथे. चिपला चिमटा लावून जुने फर्मवेअर मी परत भरले. एकोणीस दिवस लागले. मशीन उत्तम चालू आहे. धाकट्याला सांगितलेले नाही. त्याची अर्धवट कामे फक्त यातच उघडतात. तो दुसऱ्या मशीनवर डोके आपटतो आहे असे कळते. आपटू दे.

पत्नी म्हणाली, "अहो, सांगून टाका. सख्खा भाऊ आहे."

"परक्यानं निदान आधी विचारलं असतं."

"आणि मेल्यावर जिंकून काय मिळणार तुम्हाला?"

"जिवंतपणी काय मिळालं ते पाहिलंस ना?"

कलम पाचवे. मशीन धाकट्यास द्यावे. ते सुरू करणारा पेनड्राइव्ह मुलीकडे राहील. तो लावल्याशिवाय काही उघडत नाही. धाकट्याने माझ्या दुकानात, त्याच टेबलापाशी, शिंपीणबाईंसमोर मोठ्याने म्हणावे: "फर्मवेअर मी चढवलं, दादाचं काम चोख होतं." पुटपुटलेले चालणार नाही. फोनवरून चालणार नाही. पुढे 'झालं गेलं' जोडल्यास पुन्हा पहिल्यापासून. म्हटले की पेनड्राइव्ह द्यावा. महिन्याभरात न म्हटल्यास मशीनही मुलीचे.

कलम सहावे. हे पान दुमडून ठेवले आहे. धाकट्याचे वाक्य झाल्यावरच मुलीने वाचावे.

चिपमधले वाचले तेव्हा कळले की चढवलेले फर्मवेअर नऊ नंबरच्या बोर्डाचे होते. आपला बोर्ड एक नंबरचा. नऊ आले कुठून म्हणून कॅबिनेटचे झाकण उघडले. आत माझीच चिठ्ठी चिकटवलेली. बोर्डाच्या नावाची अक्षरे इंग्रजीत उतरवलेली, आणि पुढचा आकडा माझ्या सवयीने मराठीत: १. इंग्रजी वाचणाऱ्याला तो 9 दिसतो. धाकटा इंग्रजी शाळेत शिकला. त्या शाळेत मीच घातले होते.

तेव्हा आकडा माझा. 'होय' त्याचे, आणि खोटे बोलणेही त्याचेच. चिठ्ठी मी तशीच ठेवली आहे.

हे आधी वाचून दाखवू नये. आधी ऐकले तर तो हसेल, आणि मला उठून उत्तर देता येणार नाही.

ठिकाण: माझे दुकान.
तारीख: मंगळवार, अकरा मार्च, दोन हजार पंचवीस.
सही: केली आहे. हात थरथरला नाही.

साक्षीदार पहिला: चष्मेवाला, शेजारचा गाळा. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून ठेवले नाही, गैरसमज नसावा.
साक्षीदार दुसरा: निवृत्त पोस्टमन, वरचा मजला.

दोघांनी मला सही करताना पाहिले. दुमडलेले पान कोणी उघडले नाही.