पेटीतला बर्फ

१३ एप्रिल, शनिवार
अंबड रोडच्या बंद पेट्रोल पंपावर तिसरा दिवस. जमिनीतली टाकी झिरपली. माती-पाणी कुठवर नासलं, ते आमच्या लॅबला सांगायचंय. बारा फुटांवर माती काळी निघाली – वास असला, की डोकं धरलं! पंपामागं शकीलाखालांचं घर; सध्या पंपवाला त्यांना पाण्याचा टँकर धाडतो. त्यांची बोअर चालू केली. अर्धा तास पाणी सोडून दिलं, मंग बाटल्या काठोकाठ भरल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या. सगळं बराबर.

१४ एप्रिल
लॅबला सुट्टी, म्हणून पेटी घरीच. सकाळी पेटीसाठी बर्फाची नवी थैली आणली. तर जयंतीच्या मिरवणुकीत सरबताला बर्फ कमी पडला, बाजारात कुठंच मिळंना. शेजारच्या नंदाबाई म्हणल्या, भावना, तुझ्याकडं हाय ना? दिला. सगळा! मिरवणूक लई झकास झाली.

१५ एप्रिल
लॅबमध्ये पेटी उघडली – आत एकतीस डिग्री. पाणी तापलं की पेट्रोलचा अंश निसटतो, हे नव्यांना मीच शिकवते. फॉर्मवर 'पेटीचं तापमान' असा रकाना. मी चार लिहिलं, नियमात बसतं तेवढं. खाली सहीपण ठोकली. त्याचीच लाज वाटून राह्यली.

२६ एप्रिल
रिपोर्ट आला. माती खराब, पण बोअरचं पाणी चांगलं! पंपवाल्यानं लगेच खालांकडचा टँकर बंद केला. पुन्हा नमुना घेऊ, असं साहेबांना म्हणायला गेल्ते. म्हणजे ते चार कुठून आले, तेही सांगणं आलं. चहा पिऊन परत आले.

३ मे
खालांचा फोन. "बेटी, तू लिहून दिलं ना, मंग पाणी बराबरच असंल." घरातले सगळे प्यायला लागले. फक्त सून ऐकून न्हाई राह्यली – अंबरीन. सातवा महिना आहे तिला. वास येतो म्हणते, दूरच्या हापशावरून स्वतः हंडा आणते. खाला तिला माझं नाव सांगून रागावतात. माझं नाव! अख्ख्या घरात ती एकटी शहाणी आहे, एवढं फोनवर बोलता आलं असतं. मी काय बोलले? उन्हात जपायला सांगा तिला. थू माझ्या जिंदगानीवर.

६ मे
उद्या जाऊन सांगते. नोकरी गेली तर गेली.

७ मे
गेल्ते. टेकले न टेकले तोच खालांनी बोअरच्या पाण्याचा पेला पुढं केला. नको म्हणलं असतं, तर का नको, ते सांगावं लागलं असतं. सगळा प्यायले. दारातून अंबरीन बघत होती. "मॅडम पिल्या, मंग मला कशाची भीती," म्हणली. माझ्या हातातला पेला घेतला, भरला, आणि उभ्या उभ्या प्यायली.