कुमुदताईंची चक्री

२ ऑगस्ट
मंडळाचे सेक्रेटरी देशपांडे वर्कशॉपवर. १७ला एक जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा दाखवणार आहेत. त्यातली छोटी मुलगी म्हणजे कुमुदताई, आता गुडगावला लेकाकडे असतात, त्याच प्रमुख पाहुण्या. सिनेमात तिच्या हातात तोंडाएवढी, वेटोळ्या चक्रीची गोळी आहे ना, तश्शी करून हवी. "लग्नाचे हत्ती-मोर करता, हे काय तुम्हाला." हो म्हटलं.

५ ऑ.
रेझिनची केली. लाल-पांढरी, फर्स्ट क्लास. पण सीन परत परत ऐकतोय. पोरगी जिन्यावर गोळी पाडते, उचलून पुन्हा चाटते. पडते तेव्हा टक्. साखर असती तर फुटली असती. हे लाकूड. जन्म ठोकाठोकीत गेला, एवढं कळतं.

८ ऑ.
रंगाचं विचारायला गुडगाव. लिफ्टमध्ये कानात दडे. ताईंना म्हटलं, लाकडाची होती ना? बघतच राहिल्या. "कुणी ओळखलं नव्हतं हो आजवर. सगळे विचारतात, गोड होती का. मी म्हणते, खूप. वॉर्निश लागायचं जिभेला. रडले, तर शूटिंगवाले म्हणाले, सीन संपला की खरी देऊ."
दिली?
"पॅकअप करून गेले सगळे."
रंग हिरवा-पिवळा. माझी लाल-पांढरी पिशवीतून काढलीच नाही. निघताना म्हटलं, खरी मी देतो.
"दात काढघालीचे आहेत. चावणार नाही, चाटेन."

१० ऑ.
पाक घोटला. गुढीच्या गाठीसारखा पांढराफटक, खडबडीत. बायको, सुमन, म्हणते, "पाडव्याला बोलवा मग त्यांना." पाकात लिंबू पिळायची, म्हणजे दाणा धरत नाही, ही अक्कलही तिचीच.
देशपांड्यांचा फोन. साखरेची करून बघतोय म्हटलं. "साखर कशाला यार, साडीला चिकटेल. फोटोपुरतं रेझिन बिल्कुल ठीक." ऐकून घेतलं. रेझिनची रंगवून देतो म्हटलं. साखरेचं पुन्हा काढलं नाही.

१३ ऑ.
काचेसारखी झाली, दुपारी घाम फुटला तिला. दिल्लीची हवा. वेटोळं गरम असतानाच वळावं लागतं. बोटं भाजली. उद्या पुन्हा.

१५ ऑ.
जमली. कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात, कोरडी राहील. सुमन ओरडते, सारखं झाकण उघडू नका.

१७ ऑ.
स्टेजवर रेझिनची. फोटो, टाळ्या. माइकवरून विचारलंच कुणीतरी, गोड होती का?
"खूप."
ताई खाली येऊन बसल्यावर साखरेच्या गोळीचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी उघडला नाही. दिवे गेले. मी मुद्दाम त्यांच्या मागच्या खुर्चीत.
जिन्याचा सीन. टक्. हॉल हसला. हसू ओसरलं, तेव्हा पुढे झाकणाचा आवाज. मग कागदाचा. मग तोही थांबला.
लेक हळूच, "आई, खाणारेस?"
"थांब रे. सीन संपू दे."