ट्रकच्या काट्यावर माझं वजन

३ मार्च, सकाळी ६.२०
आजपासून शिस्त. पोटाच्या ऑपरेशनला चौदा महिने झाले. कापून केळ्याएवढं केलंय. १४६ वरून ११२ पर्यंत उतरलो, मग वजनाने यू-टर्न घेतला. माझा दोष नाही. सर्जनने जरा सैल शिवलं असावं.
धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. त्याच्या बायकोचं जुळत नाही, माझं जुळतं. हॉस्पिटलची अट अशी की देणाऱ्याचं वजन १०५ च्या आत हवं. शेवटची तपासणी १० एप्रिलला. अडतीस दिवस आहेत. आरामात होईल.

६ मार्च
घरचा काटा १२७.४ दाखवतो. बॅटरी उतरली असणार. ही म्हणाली, परवाच नवी घातली. म्हटलं, मग नवीच खराब निघाली. बावीस वर्षं मी ट्रक तोलतोय, वजनातलं मला शिकवू नकोस. काटा माळ्यावर टाकला.

७ मार्च, दुपारी
कामावरच्या काट्यावर उभा राहिलो. अठरा मीटरची प्लेट, साठ टनांचा ट्रक पेलते, वर सरकारी सील. आकडा १२०. हा काटा वीस-वीस किलोच्या टप्प्यांत मोजतो, मान्य. पण खडीच्या ट्रकला चालतं तर मला का नाही? राहिले फक्त पंधरा.

१२ मार्च
डाएटिशियनचा फोन. म्हणाली, दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणं बंद करा. मी कुठे खातो? बिस्किट चहात बुडवलं की विरघळतं, म्हणजे ते पेय झालं. आइस्क्रीमचंही तेच, जरा थांबायची तयारी हवी. आज सात बिस्किटं प्यायलो. दोन मिशाळने आग्रहाने दिली. तो वाळूचा ट्रक चालवतो, त्याला नाही म्हटलं की दिवसभर तोंड पाडून बसतो.

१५ मार्च
धाकट्याला डायलिसिसला नेलं. चार तास खुर्चीत. हाताची शीर दोरखंडासारखी फुगलीय. पाणीसुद्धा मापाने पितो. एवढंच विचारलं की दादा, किती राहिले? मी म्हटलं, पंधरा. त्याने डोळे मिटले आणि हसला. मला भीती वाटली. खूपच वाटली.
येताना मिल्कशेक घेतला. मोठा. ताणच तसा होता.

२१ मार्च
संकल्प: रोज जेवणाच्या सुट्टीत प्लेटभोवती वीस फेऱ्या. आज तीन झाल्या, मग ट्रकची रांग लागली. आकडा १२०. म्हणजे दोन आठवड्यांत एक ग्रॅम वाढ नाही.
हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर बाईंना दर आठवड्याला वजन कळवायचं असतं. काट्याच्या छापील पावतीचा फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, यात गाडी नंबरची जागा कशाला? म्हटलं, फॉरमॅटच तसा आहे.

२९ मार्च
फेऱ्या बंद. गुडघा. उतरलं वजन की गुडघा बरा होईल आणि गुडघा बरा झाला की फेऱ्या सुरू.
आकडा १२०.

२ एप्रिल, सकाळी ९.१५
प्लेटवर चिखलाचा थर साचला होता, तो धुऊन काढला. धुतल्यावर काटा पुन्हा शून्यावर आणायचा असतो. मागच्या महिन्यात हेच विसरला म्हणून दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला मी चांगला झापला होता. रिकाम्या प्लेटवर उणे वीस दिसत होतं. घाई होती. उभा राहिलो.
१००.
पावती काढली. सील असलेलं यंत्र आहे, ते कशाला खोटं बोलेल?

२ एप्रिल, संध्याकाळी
सगळ्यांना पावती पाठवली. धाकट्याचा फोन आला, पण त्याला बोलताच येईना. मग त्याच्या बायकोने फोन घेतला, तीही रडायला लागली. हिने पावती हातात धरून बराच वेळ बघितली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. आनंदाने बोलती बंद झाली असेल.

५ एप्रिल
धाकट्याने ऑफिसात कळवलंय, जुलैपासून कामावर येतो. मला न विचारता. माझ्या पोटात गोळा आला. एवढ्याशा पोटात केवढा मोठा.

८ एप्रिल
खबरदारी म्हणून कालपासून फक्त पाणी. दुपारी केबिनमध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. एक ट्रक न तोलताच गेला. मिशाळने साखरेचं पाणी पाजलं, मग केक. औषध म्हणून घेतला.

९ एप्रिल
उद्यासाठी सर्वांत पातळ शर्ट काढून ठेवला. पट्टा, घड्याळ, अंगठी नको. माळ्यावरचा काटा काढून एकदा बघावं असं वाटलं. पण स्टूल माझ्या वजनाने मोडेल म्हणून राहू दिलं.

१० एप्रिल, दुपारी
१२८.६.
शूज काढून पुन्हा: १२८.२. बाईंना म्हटलं, तुमच्या काट्याचा शून्य तपासा. त्यांनी माझ्यासमोर तपासला. शून्य शून्यावरच होता.
धाकटा बाहेर बाकावर होता. त्याने माझा चेहरा बघितला. ठीक आहे दादा, म्हणाला आणि उठला. त्याची डायलिसिसची वेळ झाली होती.

१० एप्रिल, संध्याकाळी
ही समोर बसली. म्हणाली, जानेवारीतच तिने तपासणीला रक्त दिलं होतं. जुळलं. सगळ्या तपासण्या झाल्यात, परवानगी देणाऱ्या कमिटीचा कागदही आलाय. बँकेत जाते सांगून जायची, ते हेच. आजपर्यंत थांबली होती ती फक्त माझ्यासाठी.
विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही प्रयत्नच सोडला असता.
माझा प्रयत्न चालू आहे असं तिला वाटत होतं. मान वर करवली नाही.

२४ एप्रिल, संध्याकाळी ७.४०
उद्या सकाळी दोघांचं ऑपरेशन. हिला आज दाखल केलं. वजन ५६. कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, अगदी उत्तम. पलीकडच्या खोलीतून धाकटा वहिनी, वहिनी म्हणत दोनदा येऊन गेला. तिचे हात गार होते. घाबरलीयस का विचारलं, तर हो म्हणाली. बसून राहिलो.
निघताना सांगितलं की फ्रिजमध्ये डबे आहेत, डाएटिशियनला विचारून मोजून भरलेत, चार दिवस पुरतील, बाहेरचं काही खाऊ नका. तिला स्वतःला आता उद्यापर्यंत पाणीही नाही.
घरी आलो. घर रिकामं. पहिला डबा खाल्ला. मग ती उद्या ऑपरेशनच्या टेबलावर असेल हे डोळ्यांपुढे आलं.
चारही दिवसांचे संपले.