उबेत झोपलेलं बी

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाचव्या ट्रेमधली माती उकरली, तर बी पेरलं तसंच हाताला लागलं. लेट्यूसचा एकही कोंब नाही. बाबांनी जपलेल्या वाणाचं हे शेवटचं बी. अर्धं पेरलं, अर्धं डब्यात आहे. बाबा म्हणतात, बी मेलंय, डबा रिकामा कर. म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. रोपवाटिका माझ्या हाती आली आणि पहिल्याच हंगामात त्यांचा वाण बुडाला.

कसूर ठेवली नव्हती गं. मिरचीला देतो तशी ऊब दिली. ट्रे बॉयलरच्या खोलीत, वर बोटभर माती, त्यावर गोणपाट. तू प्रयोगशाळेत रोज बियाणं तपासतेस. खरंच मेलं असेल का?

हिचा नमस्कार. लोभ असावा.

तुझा,
धाकटा

१३ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डबा रिकामा केला नसशील, तर पुढचं वाच. मेलं नसावं. तुम्ही बापलेकांनी त्याला झोपवलंय. मिरचीला ऊब लागते, लेट्यूस उकाड्यात उगवायचंच थांबतं. जुन्या वाणांना बहुधा उजेडही लागतो. तू बिचाऱ्याला तापवलंस, पुरलंस, वर पांघरूणही घातलंस. लाड म्हणतात ते हेच!

डब्यातलं चिमूटभर बी ओल्या कागदावर पसर आणि दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेव. मग गार खोलीच्या खिडकीत, ऊन नको, उजेड हवा. कागद सुकू देऊ नकोस. हात कितीही शिवशिवले तरी माती घालू नकोस. तरीही उगवलं नाही, तर बाबा खरे. खोटा धीर मी देणार नाही.

बाबांना नमस्कार. दोघांनी भांडू नका, जेवा वेळेवर.

तुझी,
ताई

२१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद परवापासून खिडकीत आहे. फ्रीजमध्ये होता तेव्हा हिने दुधाशेजारी नको म्हणून दोनदा हलवला. बाबांनी एकदाच विचारलं, की बी भाजीसारखं गारठवायचं हे कुठलं शास्त्र. मी तुझं नाव सांगितलं. तेव्हापासून येता-जाता खिडकीशी थांबतात, चष्मा पुसतात. अजून काही दिसत नाही. मला धीर धरवत नाही. रागावू नकोस, आठवण ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र टाकायचं दोन दिवस राहिलं. आज सकाळी कागदावर पांढरी मुळं दिसली, जवळजवळ सगळ्याच बियांना. बाबांनी उरलेल्या बियांचा डबा आणला, सावलीतल्या ट्रेमध्ये बी पसरलं आणि पाणी वरून द्यायचं की खालून, असं मला विचारलं. मी खालून म्हणालो, वरून दिलं तर बी मातीत गाडलं जाईल. त्यांनी तसंच दिलं.