विनातारण

आबा, गेल्या महिन्यात धाकटा धुळ्याहून जळगावला माझ्याकडे आला होता. निवृत्तीचे पैसे हातात आलेत आणि कोणा एजंटाने एका फायनान्स कंपनीच्या रोख्यांचा अर्ज दिलाय. एनसीडी म्हणतात आता. तुम्ही ‘अपरिवर्तनीय कर्जरोखे’ असं पूर्ण म्हणायचात. “अक्का, सही करण्याआधी एकदा वाच,” तो म्हणाला, “तू गणिताची बाई.”

अर्ज हातात घेतला आणि मला एरंडोलचं आपलं अंगण दिसलं. तुम्ही पोस्टातलं काम आटोपून आला आहात, आयुष्यात पहिल्यांदाच कर्जरोखे घेताय आणि त्याला बाजेवर शेजारी बसवून समजावताय. हे आपण कंपनीला दिलेलं कर्ज, याचे शेअर कधी होणार नाहीत, कंपनी कितीही कमावो, आपल्याला ठरलेलं व्याजच. तो नववीत, लक्ष गल्लीतल्या क्रिकेटकडे. मी अकरावीत, चार पावलांवर कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजतेय. मी विचारलं, “आबा, कंपनी बुडाली तर आधी कोणाला पैसे मिळतात?” तुम्ही म्हणालात, “तू वांगा देख, जळी जातीन.” आणि मग उत्तर दिलंत. ज्यांच्या रोख्यांना कंपनीच्या मालमत्तेचं तारण आहे त्यांना आधी, विनातारणवाल्यांना काही उरलं तर. पण ते त्याच्याकडे बघून दिलंत. प्रश्न माझा होता, आबा. त्याच्या सायकलचा, त्याच्या नव्या बुटांचा मला कधी हेवा वाटला नाही. बाजेवरच्या त्या जागेचा वाटला, आणि तो वयाबरोबर कमी होईल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पुढे मी तीस वर्षं गणित शिकवलं, स्वतःचे रोखे स्वतः वाचून घेतले, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात तुम्हाला दाखवले.

तर त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. व्याज बँकेच्या ठेवीपेक्षा चांगलं आहे, बाजार वरखाली झाला तरी ते बदलणार नाही. पण पाच वर्षं पैसे अडकतील. मधेच विकायचे म्हटले तर घेणारा मिळायला हवा. व्याजावर कर आहे. पतमानांकन मधलंच आहे, म्हणून तर व्याज जास्त देतायत. तो मान हलवत होता, अगदी तेव्हासारखी. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. एजंटाने पेन्सिलीने खूण केलेला प्रकार विनातारण होता, आणि हा त्यात सगळी रक्कम घालणार होता. चहा पिऊन तो चारच्या एसटीने गेला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायलाही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला.

“अर्ज दिलास?”

“नाही, अकराला चाललोय.”

“थांब. तू घेतोयस त्याला तारण नाही. तारण असलेले घे, तेही थोड्याच पैशांचे. बाकी बँकेत ठेव. काल माझ्या लक्षात आलं नाही.”

तो हसला. “बरं झालं सांगितलंस. माले काय समजस त्यामा? आबा समजाडेत तव्हय बी मी निस्ता हा हा करू. त्याच म्हनेत, अडनं ते अक्काले इचार, तिन्हं डोकं तुन्हापेक्षा तेज शे.”

फोन ठेवून मी तिथेच बसले. त्याने माझं ऐकलं, अर्ज बदलला, थोडेसे रोखे त्याच्या खात्यात जमाही झाले. त्याचं सगळं ठीक आहे. माझंच नाही. अडलं तर अक्काला विचार, तिचं डोकं तेज आहे, असं म्हणायचात, आबा, पण त्याच्याजवळ. मला सांगायला अंगणातली चार पावलंच होती. हे त्याला सांगता येत नाही, आणि तुम्हाला पाठवता येत नाही.

आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, हे खरं नाही. ‘विनातारण’ हा शब्द मी त्याच्यासमोर पहिल्याच वाचनात वाचला, आणि अर्जाची घडी घालून त्याच्या हातात दिली.