खालची पट्टी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी १०:४०. नव्या संगणकाचं थर्माकोल सोलत होतो.

जुना संगणक शनिवारी गेला. आधी शिट्टी, मग जळका वास, मग काहीच नाही. भालचंद्रकाका म्हणाले, "तेरा वर्षं चालला. इतकी तर माझी मोटरसायकल न्हाई चालली." दुकान त्यांचं, नवीन जालन्यात, स्टेशनकडच्या रस्त्यावर. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि संगणकीय पत्रिका. मी सहा वर्षांपासून इथे. दुकान खरं चालतं ते पत्रिकांवर, आणि तुळशीची लग्नं कालपासून सुरू झाली. म्हणजे आता रांग लागणार!

पत्रिकेचं सॉफ्टवेअर सीडीवर आहे. नव्या संगणकाला सीडीची खाचच नाही. काकांनी तो चारही बाजूंनी फिरवून पाहिला. "आरं, झाकण असंल कुठंतरी."

नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शेजारच्या फोटो स्टुडिओतून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. भाडं दीडशे. सीडी फिरली, घरघरली, आणि पडद्यावर आलं — हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा.

विक्रेता कोण? काका म्हणाले, "एक मास्तर पिशवीत घालून आल्ते. तीस दिवस फुकट वापरा म्हणले."

ते तीस दिवस अजून चालू आहेत. सॉफ्टवेअर उघडण्याआधी संगणकाचं घड्याळ १ फेब्रुवारी २०१२ वर न्यायचं. रोज. पान छापून आलं की खालची बोटभर पट्टी कापून टाकायची, कारण तिथे 'नमुना प्रत' आणि छपाईची तारीख येते. माझ्या पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, हे चूक नाही का? काका म्हणाले होते, "माणसाची जन्मतारीख बदलती का? मंग पत्रिका कशी बदलंल?" पटलं होतं.

पट्टी मी फूटपट्टी ठेवून, पेन्सिलीने रेघ मारून कापतो. सहा वर्षांत एकच वाकडी गेली. कोणाची, ते इथे लिहीत नाही.

सायंकाळी पाच वाजता प्रोग्रॅमच्या माहितीत एक चौकोन सापडला — जुन्या सिस्टीमप्रमाणे चालवा. खूण केली. चालला! काकांनी संगणकाला उदबत्ती ओवाळली. मी ती धुराच्या भीतीने लांब नेऊन खोचली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फिरेल.

पण आधी संध्याचं. केदारखेड्याची. इथे बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम करते, झेरॉक्सला आमच्याकडे येते. तिच्या वडिलांनी माझ्यासाठी श्रावणातच शब्द टाकला. अडून बसली आहे ती माझी आई. माझी पत्रिका गेल्या वर्षी मीच या दुकानात काढली, त्यात आलं — 'सध्या विवाहाचा विचार नको. अभ्यासात लक्ष द्यावे. थोरांचे ऐकावे.' ते पान आईने देवाजवळच्या डब्यात ठेवलंय. बारावीला गणितात राहिलो होतो, त्याचा फॉर्म पुन्हा भरायला लावला. "तुझं शिक्षण अर्धं हाय, हे कंप्युटरला बी कळलं बघ!" येत्या रविवारी संध्याला पाहायला दुसरं स्थळ येतंय. बदनापूरचं. नोकरीवालं.

तर आज. घड्याळ मागे नेलं, सॉफ्टवेअर उघडलं, चाचणीसाठी माझीच जन्मवेळ घातली. तेच पान — अभ्यासात लक्ष द्यावे. गिऱ्हाईक आलं, दोन झेरॉक्स दिल्या, परत वळलो, सवयीने पुन्हा बटण दाबलं. पान बदललेलं! 'विवाहास उत्तम काळ. घरच्यांनी विलंब करू नये.'

जन्मवेळ तीच. मग कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं. नव्या संगणकाला इंटरनेटवरून आपली वेळ आपणच बरोबर करायची सवय आहे. ५ नोव्हेंबर २०२५.

मी हातावर हिशेब केला. कुंडली जन्माची, ती बदलत नाही. पण 'सध्याचा काळ' हे पान संगणक आजची तारीख बघून लिहितो. आणि त्याच्या लेखी आज म्हणजे २०१२. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो! दहा वर्षांच्या पोराला दुसरं काय सांगणार तो?

आणि बाकीचे सगळे? तलाठी भाऊसाहेबांच्या पानावर 'मैदानी खेळात दुखापत संभवते' आलं होतं. ते महिनाभर जिना धरून उतरत होते.

छापायला दिलं. 'प्रिंटर सापडत नाही.' प्रिंटर हाताएवढ्या अंतरावर! वायर काढली, लावली. तेवढ्यात पडदा निळा — अद्ययावत करत आहे, संगणक बंद करू नका. सत्तेचाळीस मिनिटं. त्यानंतर सॉफ्टवेअर उघडलं तर एकच ओळ — 'मुदत संपली. घड्याळात फेरफार आढळला.'

आता घड्याळ मागे नेलं तरी उघडत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काका — "तुझ्याच हातानं टाइप करून आईला दे ना. शब्द तर पाठ झालेत तुला." बसलो टाइप करायला. 'विवाहास' पर्यंत झालं. पुसलं. हे माझं मला छापता येणार नाही.

कापलेल्या पट्ट्या मी फेकत नाही, गठ्ठे करून ठेवतो. रांगेला नंबर द्यायला पाठकोऱ्या बऱ्या पडतात. आज एक उलटून वाचली. नमुना प्रत, तारीख, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत — संपर्क, रखमाजी सर, वाटूर. मोबाईल नंबर.

सहा वर्षं मी विक्रेताच कापत होतो!

फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला. "कोण? पत्रिका? आजून चालू हाय का ती! उद्या या."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

एसटीने वाटूर. सर गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. शेळीला पाला टाकत होते. सॉफ्टवेअर त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत स्वतः लिहिलेलं. एकूण विकल्या गेल्या नऊ प्रती, म्हणाले.

मी सगळं सांगितलं. घड्याळाचं पण.

"किती पत्रिका काढल्या?"

रजिस्टर सोबत नेलं होतं. "चार हजार तीनशे सोळा."

सर पाला धरून उभेच. शेळी ओढत होती, तरी सोडेनात. मग हसायला लागले, इतके की खाटेवर बसले. "आरं, अख्ख्या जालन्याचं वय थांबवलं की रे तुम्ही!" मग एकदम गंभीर. "सॉफ्टवेअर उघडायच्या किल्लीचा नंबर देतो. तेव्हाचीच किंमत, साडेसातशे. पन ज्याचं त्याचं बरोबर पान छापून द्यायचं. फुकट."

परतीचं भाडं सोडून माझ्याकडे चारशे होते. ते घेतले. "बाकीचे, पानं वाटून झाल्यावर."

आकडे वहीत लिहून दिले. मी तीनदा ताडून पाहिले. सर म्हणाले, "गणितात राहिलास म्हणतोस, वाटत न्हाई."

शनिवार, ८ नोव्हेंबर

किल्ली लागली. घड्याळ आजचं. प्रिंटरही सापडला — काकांनी त्याला चापट मारली, मी त्याची नवी फाइल उतरवून घेतली. श्रेय काकांनी घेतलं. फुकट पानांचं ऐकून मात्र खुर्चीत बसले. "चार हजार? शाई काय तुझा मास्तर भरनार?"

पान आलं. पट्टीवर 'नमुना प्रत' नाही. प्रथमच काही कापलं नाही.

आईला दिलं. तिने दोनदा वाचलं, डब्यातलं जुनं काढलं, शेजारी ठेवलं.

"ह्या नव्या कंप्युटरचं काय खरं? चार दिवसाचा हाय. जुना तेरा वर्षं चालला, त्याला काय कळत नव्हतं?"

मी घड्याळाचं समजावलं. म्हणाली, घड्याळाचा आणि दशेचा काय संबंध! तिला दाखवायला जुनी पट्टी आणावी तर माझ्या पानाची कोणती, हे त्या गठ्ठ्यांतून कसं सांगणार? जेवलो नाही. संध्याला घड्याळाचं आणि आईचं सगळं मेसेजवर कळवलं. उद्या बदनापूरवाले.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी नऊला संध्या वडिलांना घेऊन घरी! स्वतःची पत्रिका आईपुढे धरली. आमच्याच दुकानातली, दीड वर्षापूर्वीची. खालची पट्टी वाकडी कापलेली, कोपऱ्यात तारीख अर्धी राहिलेली — फेब्रुवारी २०१२. "काकू, ह्यात मला चौथीत चांगले मार्क पडनार म्हणून लिहिलंय."

आईने पान उजेडात नेलं. "हे जुन्याच कंप्युटरचं ना?" "हो." "मंग खरं."

बदनापूरवाल्यांना संध्याच्या वडिलांनी कालच नको म्हणून कळवलं होतं. जाताना दारात संध्या मला हळूच म्हणाली, "सगळ्यांची सरळ कापता. माझीच वाकडी का गेली, हे दीड वर्ष विचारायचं होतं."

खर्च: सीडी ड्राइव्ह १५०. वाटूर जाणं-येणं १६०. किल्ली ४००. पेढे १४०. एकूण ८५०.
देणं: रखमाजी सरांचे ३५०. पानं ४,३१६, पैकी दिली दोन — माझं आणि तिचं. बाकी ४,३१४.