पिकअपवरचं घर आणि उस्तादांचा खडू

उस्ताद,

गाडी तयार झाली. ट्रक नाही, छोटी पिकअप आहे, आणि तिच्यावर मी घर बांधलंय. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, मग चपला काढून आत चढला असतात. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र पोचलं असतं तरी मलाच येऊन वाचून दाखवावं लागलं असतं. म्हणून सावकाश लिहितो.

आधी ती कशी आहे ते सांगतो, कारण कामाशिवाय दुसरं काही तुम्हाला ऐकवत नसे. पिकअपच्या हौद्यात बसेल अशी एक पेटी आहे. चालताना तिचं छत खाली, कॅबिनच्या उंचीला, म्हणजे वारा अडत नाही. गाडी थांबवली की आतून ढकलायचं, छत चार दांड्यांवर दोन फूट वर जातं. मधल्या जागेत चारी बाजूंनी ताडपत्री शिवलेली आहे, तिला जाळीच्या खिडक्या. मी आत सरळ उभा राहू शकतो. घडीचा पलंग, एका बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, छतावर सोलरची पाटी. दिवाळी झाली की मी आणि माझी बायको निघणार आहोत. आधी समुद्र बघायचा, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली जायचं, परत कधी ते ठरवलेलं नाही. दोघंही रिटायर झालो. दोघांची सगळी नोकरी याच जिल्ह्यात गेली, माझी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आणि तिची हसनाबादकडच्या शाळांत.

जायची कल्पना माझी. ती तयार झाली, पण एका अटीवर. "तीस वर्षं साठ-साठ पोरांचा गलका ऐकला मी," ती म्हणाली. "आता डब्यातल्या गोट्यांवानी खडखड ऐकत हिंडायचं न्हाई. आवाज झाला का मी घरी. मंग तुम्ही जा एकटे." ती बोलते तसंच करते, हे मला माहीत होतं. आणि मला एकट्याला जायचं नव्हतं.

पहिल्यांदा मी चूक केली. आत घरच आहे तर घराचाच सुतार बघावा, असं वाटलं. आमच्या गल्लीतला सुतार चांगला माणूस, लोकांची स्वयंपाकघरं करून देतो. त्यानं जाड प्लायवूड लावलं, वर सनमायका, सगळं फेविकॉल आणि स्क्रूनं घट्ट. शेजारचे बघायला आले, फोटो काढून गेले. मग मी गाडी धान्याच्या मोंढ्यातल्या वजनकाट्यावर नेली. काट्यावरच्या माणसानं आकडा बघितला आणि विचारलं, "काका, माल काय भरला?"

"काही नाही. रिकामी आहे."

"रिकामी कशी? बघून या, मागं कोणी बसलंय का."

तरी मी हिला भोकरदनला तिच्या बहिणीकडे घेऊन निघालो. राजूरच्या आधीच एक खण उघडून तुरीची डाळ पलंगभर झाली, आणि मागून असा करकराट सुरू झाला, जणू एखादं दार मान मुरगळल्यासारखं ओरडून राह्यलंय. ही बहिणीच्या दारात उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि शांतपणे म्हणाली, "येताना मी एस्टीनं येते." आणि खरोखर एस्टीनं आली.

त्या दिवशी मी गाडी अंगणात लावून आत बसलो आणि तुमची आठवण आली. आठवण येत नव्हती असं नाही, पण ही कामाची होती. मी नवीन होतो तेव्हाची. कॉलेज झालेलं, नोकरीचा पत्ता नाही, वडिलांच्या ओळखीनं तुमच्या ट्रकच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात आलेलो. पहिल्याच आठवड्यात एक बोल्ट मी अंगातलं सगळं बळ लावून आवळला आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्या हातातला पाना घेतला आणि तो बोल्ट अर्धा आटा सैल केला. "क्या ग्रॅज्युएट," तुम्ही म्हणालात, "घर चुप बैठता, गाडी हिलती. हिलने दे उसकू. इत्ता कसना नको, लकडी फटती." मग तेलाच्या डब्यातून टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढून सांध्याखाली सरकवलात. त्या डब्यातले तुकडे कापायचं काम मग वर्षभर मीच केलं.

आणि तो खडू. बॉडी पूर्ण झाली की तुम्ही तिच्याकडे बघत नाही. ड्रायव्हरला बोलावता. रिकाम्या ट्रकमध्ये घडी घातलेल्या पोत्यावर बसता, टोपी डोळ्यांवर ओढता, हातात खडू. गाडी गावाबाहेर गिट्टीच्या रस्त्याला लागते. मी फळी धरून उभा, दात वाजतायत. तुम्ही ऐकताय. मधेच गुडघ्यावर रांगत जाता, डोळे मिटलेलेच, हात फळीवर फिरवत फिरवत एका जागी थांबवता. "इदर रो रही," म्हणता आणि फुली मारता. कारखान्यात परत आल्यावर फुल्या मोजायच्या आणि तेवढे सांधे उघडायचे. नऊ, अकरा, कधी वीसही. तुम्ही कोणाला रागावत नव्हतात, नुसत्या फुल्या मोजायला लावायचात, पण त्यापेक्षा रागावलेलं परवडलं असतं. एकदा तीनच निघाल्या तेव्हा तुम्ही सगळ्यांना जिलेबी आणलीत.

अंगणात बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुताराचं सगळं काम उपटून काढलं. सुताराला वाईट वाटलं. ॲल्युमिनियमच्या पातळ चौकोनी नळ्यांचा सांगाडा केला, त्याला पातळ फळ्या, प्रत्येक सांध्यात पंक्चरवाल्याकडून आणलेल्या ट्यूबचा तुकडा. खणांऐवजी ताडपत्रीचे खिसे भिंतीला शिवून घेतले, भांडी त्यात. काट्यावरचा माणूस म्हणाला, "हां, आता रिकामी हाय."

राहिला खडू. गाडी मला चालवायची, म्हणजे मागं दुसरं कोणी बसायला हवं. हिला विचारलं.

"मी काय पोतं हाय का मागं टाकायला?"

मी तुमची रीत सांगितली. तिनं पूर्ण ऐकून घेतली आणि हात पुढं केला. "खडू द्या." तीस वर्षं तिच्या हातात तोच होता, मला आधीच सुचायला हवं होतं.

शेताकडच्या कच्च्या रस्त्यानं मी माणूस चालेल इतक्या हळू निघालो. मागून पत्र्यावर थाप पडायची. "थांबा." मग "चला." मग "त्याच खड्ड्यातून परत घ्या." परत आलो, दार उघडलं, तर आत चौदा फुल्या. नुसत्या फुल्या नाहीत, उस्ताद, प्रत्येकीला नंबर, आणि काहींच्या शेजारी शेरा. "ढिले आहे." "पुन्हा तपासणे." एका ठिकाणी "अक्षम्य". तिच्या केसांना खडू लागला होता.

"दहापैकी चार," ती म्हणाली. "पास न्हाई."

मला इतका आनंद झाला की मी तिला चहा करून दिला, त्याच शेगडीवर. दुसऱ्या खेपेला सात निघाल्या, तिसऱ्याला दोन. मधल्या काळात तीच सकाळी विचारायची, "आज परीक्षा घ्यायची का?" पंक्चरवाल्याकडून ट्यूब कसली आणायची, जाड का पातळ, हेही ती सांगू लागली. कालची चौथी खेप. शेताचा बांध आला, पुढचा ओढा गेला, थाप पडेना. मला वाटलं, ही रागावली की काय. थांबून मागं गेलो. ती पलंगावर आडवी झोपली होती, खडू मुठीत. मी आवाज न करता दार लावलं, आणि आणखी चार किलोमीटर उगाचच चालवली.

हे सांगायला तुमच्याकडे आलो असतो. तुम्ही गेलात ते मला चार महिन्यांनी कळलं होतं. कारखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, तिथं उस्ताद म्हटलं तर कोणाला समजणार. हे पत्र गाडीतल्या खिशातच राहील.

एक राहिलं. मी एकट्यानं केलेली पहिली बॉडी. सोमवारी तुम्ही ती घेऊन गिट्टीवर जाणार होतात आणि शनिवारी माझा नोकरीचा कागद आला. मी येऊन सांगितलं, सोमवारीच हजर व्हायचंय. तुम्ही म्हणालात, "गवर्मेंट का काम है, रुकना नको." आणि बॉडी तपासायच्या आधीच जिलेबी मागवलीत, पहिल्यांदाच. नंतर मी त्या बाजूनं कितीदा गेलो, पण किती फुल्या निघाल्या ते विचारायला आत आलो नाही.

त्या कागदात हजर व्हायला आठ दिवसांची मुदत होती, उस्ताद. मला त्या खडूची भीती वाटली. जिलेबी मात्र मी दोनदा घेतली.